पाच हजार चाळीस फेर आणि हलगीचा हिशेब

सात वेगवेगळे सूर घ्या. प्रत्येक सूर एकदाच वापरून त्यांचे जेवढे क्रम लावता येतील तेवढे लावा. पहिल्या जागेसाठी सात पर्याय, दुसऱ्या जागेसाठी सहा, तिसऱ्या जागेसाठी पाच, असे करत शेवटच्या जागेपर्यंत जा. गुणाकार ५०४० येतो. अकरावीच्या वर्गात मी हा गुणाकार दरवर्षी फळ्यावर मांडतो आणि मुले तो दरवर्षी निमूटपणे उतरवून घेतात. संगीताच्या इतिहासात मात्र हा आकडा दोन ठिकाणी असा काही उभा आहे की त्याच्याकडे नुसता गुणाकार म्हणून पाहता येत नाही. एक ठिकाण म्हणजे तेराव्या शतकातील देवगिरी, म्हणजे आजचे दौलताबाद. तिथे शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला आणि सात स्वरांचे ५०४० क्रम सांगितले. दुसरे ठिकाण इंग्लंडमधील नॉर्विच शहर. तिथे २ मे १७१५ या दिवशी सेंट पीटर मँक्रॉफ्ट या चर्चच्या मनोऱ्यात माणसांनी दोर ओढून सात घंटांचे ५०४० क्रम, एकही क्रम पुन्हा न येऊ देता, सलग वाजवले.

एकाने दुसऱ्याचे उचलले असे कोणी म्हणणार असेल तर त्यात काही अर्थ नाही. सात वस्तू कोणीही, कुठेही मोजल्या तरी उत्तर तेच येणार. ‘आमच्याकडे सगळे आधीच होते’ ही छाती फुगवण्याची सवय आपण त्यांच्यासाठी सोडून देऊ, ज्यांना तिची गरज आहे. मला विचारायचे आहे ते एवढेच, की हा आकडा देवगिरीत कोणाच्या हाती होता, नॉर्विचमध्ये कोणाच्या हाती होता, आणि आपल्या मुलखात ज्यांच्या हातांत प्रत्यक्ष ताल होता त्यांचा हिशेब कोणत्या वहीत गेला?

आधी देवगिरी. शार्ङ्गदेव यादव राजा सिंघण याच्या पदरी होता. सिंघणाची कारकीर्द साधारणतः १२१० ते १२४७. शार्ङ्गदेवाचे घराणे मूळ काश्मीरचे, ब्राह्मण. आजोबा दक्षिणेत उतरले. त्याच्याकडे काम होते राज्याच्या हिशेबखात्याचे. जमाखर्च सांभाळणाऱ्या माणसाने संगीतावर सात अध्यायांचा ग्रंथ लिहावा याचे काहींना नवल वाटते. मला वाटत नाही. त्या ग्रंथाच्या पानोपानी हिशेबनीस बसलेला दिसतो.

सात स्वरांच्या क्रमांसाठी त्याने ‘खंडमेरू’ नावाचा तक्ता दिला आहे. तक्त्याचे रकाने पायरीपायरीने वाढत जातात. शेवटच्या रकान्यात ०, ७२०, १४४० असे ४३२० पर्यंतचे आकडे, त्याच्या अलीकडच्या रकान्यात ०, १२०, २४० असे ६०० पर्यंतचे, आणि असेच मागे मागे. प्रत्येक रकान्यातला शेवटचा आकडा उचला: १, १, ४, १८, ९६, ६००, ४३२०. बेरीज बरोबर ५०४०. हा तक्ता हाताशी असला की सगळे क्रम लिहून काढण्याची जरूरच उरत नाही. तीन हजार सातशेव्या ओळीत कोणता क्रम आहे, असे कोणी विचारले तर तक्त्यावरून काढून देता येतो. याला ‘नष्ट’ म्हणतात. उलट एखादा क्रम कोणी म्हणून दाखवला तर तो कितवा हे सांगता येते, ते ‘उद्दिष्ट’. मग छप्पन्न मूर्च्छना, प्रत्येकीचे ५०४० क्रम, एकूण २,८२,२४०. हाही आकडा तिथे आहे.

तालाचेही तसेच. द्रुत, लघु, गुरू आणि प्लुत ही मापे. द्रुत एक धरला तर लघु दोन, गुरू चार, प्लुत सहा. या चार मापांनी एखादा काळ किती तऱ्हांनी भरता येईल? एक द्रुताएवढा काळ एकाच तऱ्हेने, दोनाचा दोन, तीनाचा तीन, चाराचा सहा, पाचाचा दहा, सहाचा एकोणीस. सातासाठी मागे पाहायचे. एक घर मागचा आकडा १९, दोन घरे मागचा १०, चार घरे मागचा ३, सहा घरे मागचा १. मिळवा, ३३. हा विचार काही एका रात्रीत सुचलेला नाही. पिंगलाच्या छंदःशास्त्रात लघु-गुरूंचा प्रस्तार आहे. विरहांकाने मात्रावृत्तांसाठी १, २, ३, ५, ८, १३ ही माळ सांगितली. फिबोनाची या इटालियन माणसाने १२०२ मध्ये आपले पुस्तक लिहिले त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे, आणि विरहांकाचा ग्रंथ प्राकृतात आहे. प्राकृत ही बाब मी मुद्दाम नोंदवतो. अक्षरे मोजणारी वृत्ते वेदपठणाची; मात्रा मोजणारी वृत्ते टाळीवर, पायावर, म्हणजे लोकांच्या गाण्यावर पोसलेली. शार्ङ्गदेवाने सांगितलेल्या १२० तालांना ‘देशी ताल’ हेच नाव आहे. देशी म्हणजे मुलखातले, माणसांतले. त्याच्या आधी काही शतके ‘बृहद्देशी’ हा ग्रंथ झाला, त्याचा कर्ता मतंग. नावावरून आपल्या मातंगांची वंशावळ तिथे नेऊन भिडवण्याचा मोह पुष्कळांना होतो. पुरावा नसताना तो मोह मी आवरतो. पण ‘देशी’ या शब्दातला देश कोणाचा होता, हे विचारायला वंशावळ लागत नाही.

म्हणजे माल लोकांकडून आला, त्याची मोजदाद दरबारात झाली आणि मोजदादीचे पुस्तक संस्कृतात बंद झाले. मी शार्ङ्गदेवाला लहान करू इच्छित नाही. तक्ता अस्सल आहे, आणि पुढे १३५६ मध्ये नारायण पंडिताच्या ‘गणितकौमुदी’त याच विचाराला मोठे रूप मिळाले. पण ते पुस्तक कोणी उघडायचे हे जन्माने ठरलेले होते. चाळीसगावजवळच्या पाटण गावी १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, जो याच सिंघणाचा ज्योतिषी होता, त्याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथे मठ उभा केला. महाराष्ट्राच्या भूमीवर गणिताची अशी शाळा आठशे वर्षांपूर्वी होती, याचा अभिमान भाषणांतून पुष्कळ ऐकतो. त्या मठाचे दगड ज्यांनी वाहिले त्यांच्या पोरांना आत बसता येत होते काय, हा प्रश्न त्या भाषणांत येत नाही. चोखोबा मंगळवेढ्याला कुसाच्या कामावर वेठीला होते आणि १३३८ मध्ये ते कूस अंगावर कोसळून गेले, असे परंपरा सांगते. पाटणचा मठ आणि मंगळवेढ्याचे कूस यांत पुरते दीडशे वर्षांचेही अंतर नाही.

देवगिरीच्या ५०४० क्रमांबद्दल आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. ते सगळे कोणी गावेत अशी अपेक्षाच नव्हती. तक्ता केला की काम झाले. क्रम जाणला म्हणजे पुरे, गळ्याला वा हाताला कष्ट देण्याचे कारण नाही.

नॉर्विचमध्ये याच्या नेमके उलटे घडले. ते समजण्यासाठी इंग्लंडमधील घंटा कशी वाजते ते पाहिले पाहिजे. आपल्याकडे देवळात शिरताना माणूस घंटेला एक टोला देतो आणि पुढे जातो. तिकडे सतराव्या शतकात घंटेला पूर्ण चाक लावण्याची पद्धत रुळली. खाली उभा असलेला माणूस दोर ओढतो आणि काही मण वजनाची घंटा तोंड वर करून एक पूर्ण फेरा घेते, पुन्हा तोंड वर होते, पुन्हा फिरते. एका माणसाकडे एक दोर. एवढे वजन एकदा फिरू लागले की त्याला हवे तेव्हा थांबवता येत नाही. तोंड वर असताना क्षणभर तोलून धरता येते किंवा जरा लवकर खाली सोडता येते, इतकेच. म्हणून घंटांवर चाल वाजवता येत नाही. एका ओळीतून पुढच्या ओळीत जाताना प्रत्येक घंटेला फार तर एक जागा पुढे किंवा मागे सरकता येते. या वजनाच्या अडचणीतून त्या लोकांनी एक अख्खी विद्या उभी केली. तिला ते चेंज-रिंगिंग म्हणतात. आपण ‘फेरवादन’ म्हणू.

तीन घंटा असतील तर असे: १२३, २१३, २३१, ३२१, ३१२, १३२, आणि पुन्हा १२३. प्रत्येक पायरीला शेजारच्या दोघींनी जागा बदलली, सहाही क्रम येऊन गेले, एकही दोनदा आला नाही आणि आपण घरी परत आलो. सात घंटांत प्रत्येक पायरीला तीन जोड्या एकदम जागा बदलतात आणि एक घंटा जागेवर राहते. तीन जोड्या म्हणून ‘ट्रिपल्स’. ‘प्लेन बॉब ट्रिपल्स’ नावाच्या पद्धतीत आखलेल्या वाटेने चालत राहिले तर ८४ ओळींनंतर आपसूक घरी येतो, म्हणजे आवर्तन पुरे होते. पण हवेत ५०४०. मग आवर्तन पुरे होण्याआधी वाट मोडावी लागते. एकजण ओरडतो, ‘बॉब!’ आणि त्या ठिकाणी काही घंटा ठरलेल्याहून वेगळ्या जागा घेतात. चाक दुसऱ्या रुळावर जाते. हा पुकारा कुठे कुठे करायचा, म्हणजे एकही ओळ न चुकता, एकही ओळ पुन्हा न येता पाच हजार चाळिसाव्या पायरीला १२३४५६७ हाच क्रम हाती येईल, हे शोधून काढणे म्हणजे तिथली रचना. रचनाकार सूर निवडत नाही, शब्द निवडत नाही. आवर्तन कुठे मोडायचे एवढेच तो निवडतो. आणि वाजवणाऱ्यांपुढे कागद नसतो. मिनिटाला अठ्ठावीस ओळी धरल्या तरी तीन तास लागतात. तेवढा वेळ आपली घंटा कोणाच्या मागून जाते आहे हे डोक्यात आणि दंडात धरून उभे राहायचे.

ही माणसे कोण होती? १६६८ मध्ये या विद्येवरचे पहिले पुस्तक निघाले. ते फेबियन स्टेडमनने काढले, आणि १६७७ मध्ये त्याने स्वतःचे दुसरे पुस्तक लिहिले. स्टेडमन छपाईचे काम शिकलेला माणूस. खिळे जुळवणाऱ्याला अक्षरांच्या जागा बदलण्याचा खेळ सुचावा यात मला मोठी संगती दिसते. नॉर्विच हे विणकरांचे शहर. आणि ज्याच्यासाठी मी हा सगळा तपशील सांगत आलो तो माणूस जॉन होल्ट. हा जोडे शिवणारा कारागीर होता, गरीब होता. ‘ग्रँडसायर ट्रिपल्स’ या पद्धतीत ५०४० ओळींची खरी रचना बांधणे हे त्या काळातले कठीण काम. होल्टने ती बांधली. १७५१ च्या जुलै महिन्यात वेस्टमिन्स्टरच्या सेंट मार्गारेट चर्चमध्ये ती वाजवली गेली. होल्ट स्वतः दोर न धरता मनोऱ्यात बसला आणि आपल्या हस्तलिखितावरून पुकारे देत राहिला. दोनच वर्षांनी तो वारला.

त्याच्या रचनेत साध्या ‘बॉब’शिवाय आणखी एका तऱ्हेचे दोन पुकारे आहेत, त्यांना ‘सिंगल’ म्हणतात. हे दोन टाळता येणार नाहीत काय, नुसत्या बॉबवर भागणार नाही काय, याचा पुढच्या लोकांनी खूप पिच्छा पुरवला. १८८६ मध्ये थॉम्पसन नावाच्या अभ्यासकाने सिद्ध करून दाखवले की भागणार नाही. ५०४० ओळी साध्या वाटेने चालल्या तर बहात्तर सुट्या आवर्तनांत मोडतात. बॉबने आवर्तने एकमेकांना जोडत वा तोडत गेले तर त्यांची संख्या दर वेळी दोनादोनानेच बदलते. बहात्तर सम, एक विषम. सगळ्यांचे मिळून एकच आवर्तन कधीच होणार नाही. ज्याला पुढे गणितात ‘ग्रूप थिअरी’ म्हणू लागले त्या प्रांतातली ही गोष्ट आहे. होल्टच्या हयातीत त्या शास्त्राचे नावही नव्हते. एकशे पस्तीस वर्षे आधी जोडे शिवणाऱ्या त्या माणसाने नेमके दोन पुकारे नेमक्या जागी टाकून ठेवले होते.

सात घंटांवर हे लोक थांबले नाहीत. आठ घंटांचे ४०,३२० क्रम १७६१ मध्ये केंट परगण्यातल्या लीड्स गावी तेरा माणसांनी आळीपाळीने दोर धरून सत्तावीस तासांत पुरे केले. १९६३ मध्ये लफबरो येथे आठ माणसांनी, कोणाची बदली न घेता, ते १७ तास ५८ मिनिटांत वाजवले. बारा घंटांचे वाजवायचे म्हटले तर त्याच गतीने चोवीस वर्षांहून अधिक काळ लागेल; तो नाद कोणी केला नाही. अशी कामगिरी झाली की मनोऱ्याच्या भिंतीवर लाकडी फळी लावतात. तिच्यावर तारीख, पद्धतीचे नाव, ओळींची संख्या, लागलेला वेळ आणि वाजवणाऱ्या प्रत्येकाचे नाव रंगवलेले असते. कोणती घंटा कोणी ओढली, तेही.

इंग्लंड म्हणजे समतेचे माहेरघर होते असे मला सुचवायचे नाही. त्याच वर्षांत त्या देशाची जहाजे आफ्रिकेतून माणसे भरून नेत होती. मनोऱ्यातल्या दोरवाल्यांना पाद्री लोक खालच्या नजरेने पाहत. ते बिअर पितात, प्रवचनाला थांबत नाहीत, ही तक्रार जुनी आहे. बायकांना तर तिथे शिरायलाच किती काळ लागला. पूर्ण ‘पील’ वाजवणारी पहिली स्त्री ॲलिस व्हाइट, साल १८९६. हे सगळे खरे आहे. तरीही गरीब चांभाराच्या हाती लेखणी होती, त्याची वही दुसऱ्याने वाचली, तिसऱ्याने तपासली आणि चौथ्याने छापली. त्याच्या हाताचे ज्ञान डोक्याच्या ज्ञानापासून तोडून टाकणारा धर्मग्रंथ तिथे नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्ये ‘जातिनिर्मूलना’च्या भाषणात मांडले की जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांचीच विभागणी आहे. वर्ग आणि जात यांतला फरक मला पुस्तकी व्याख्यांपेक्षा होल्टच्या त्या हस्तलिखितावरून नीट कळला.

पुण्याच्या पंचहौद मिशनच्या उंच मनोऱ्यातही इंग्लंडहून आणलेल्या आठ घंटा आहेत. पण पंचहौद म्हटले की मराठी इतिहासाला आठवतो तो १८९० चा चहा, आणि तो चहा कोणकोण प्याले, कोणी प्रायश्चित्त घेतले, यावर झालेले ग्रामण्य. पेल्यातल्या चहाची मोजदाद आपल्या विद्वानांनी वर्षानुवर्षे केली.

आता हलगीकडे येतो. शास्त्रकारांनी वाद्यांचे चार वर्ग केले, त्यात कातड्याने मढवलेल्या वाद्यांना ‘अवनद्ध’ म्हटले. शब्द मोठा गोमटा आहे. त्या शब्दाच्या आत मेलेले जनावर ओढणारा महार आहे, कातडे कमावणारा ढोर आहे, वादी कापणारा चांभार आहे आणि वाजवणारा मांग आहे. तेच कातडे पखवाजावर चढले की देवळाच्या सभामंडपात जाई. ते कमावणारे हात पायरीखाली थांबत. गावगाड्यात मांगाला दोर वळणे आणि वाजवणे ही कामे नेमून दिलेली. लग्न असो, जत्रा असो, मयत असो, हलगी, घुमके आणि कैताळ घेऊन हजर व्हायचे. एका हातात बारीक लांब काडी, दुसऱ्या हातात आखूड टिपरी, आणि कातडे सैल पडले की जाळावर धरून ताणायचे. बदल्यात बलुते, म्हणजे मिळेल ते.

आमच्या घरात हे तीन पिढ्या चालले. माझा आजा कागदावर अंगठा उठवणारा होता. त्याच्या हातात काय हिशेब होता ते मी महाविद्यालयात गणित शिकवू लागल्यावर कागदावर मांडून पाहिले, ते इथे देतो.

लेझमीच्या किंवा मिरवणुकीच्या वाजवणीत आवर्तन बहुधा आठ मात्रांचे. वाजवणारा रंगात आला की एखादा तुकडा तीनदा वाजवून समेवर येतो. शास्त्रीय संगीतात याला तिहाई म्हणतात. अट अशी की तिसऱ्या तुकड्याचा शेवटचा ठोका नेमका समेवर, म्हणजे पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर पडला पाहिजे. समेपासूनच निघायचे असेल तर तीन तुकडे आणि त्यांच्यामधल्या दोन जागा मिळून बेरीज आठाच्या पटीपेक्षा एकाने जास्त हवी. तुकडा तीन मात्रांचा, मध्ये जागा नाही: तीन त्रिक नऊ, म्हणजे आठ आणि एक. तुकडा पाच मात्रांचा, मध्ये एकेका मात्रेची जागा: पंधरा आणि दोन सतरा, म्हणजे सोळा आणि एक. तुकडा सात मात्रांचा, मध्ये दोन दोन मात्रा: एकवीस आणि चार पंचवीस, म्हणजे चोवीस आणि एक. तुकड्यात दोन वाढवले आणि जागेत एक वाढवली की बेरीज नेमकी आठाने वाढते, आणि सम हटकून सापडते. आजा याच क्रमाने वाजवायचा. आधी छोटा, मग मधला, मग लांबलचक. लेझीम खेळणाऱ्या पोरांना वाटायचे की आता म्हातारा चुकला, आणि तेवढ्यात ठोका जागेवर यायचा. कधी तो नऊ मात्रांची ती आखी तिहाईच तीनदा वाजवी आणि मध्ये तीन तीन मात्रा सोडी: सत्तावीस आणि सहा तेहतीस, म्हणजे बत्तीस आणि एक. तबलजी याला चक्रदार म्हणतात आणि मैफलीत त्यावर टाळ्या पडतात.

आजाला पाढे येत नव्हते, असे शिकलेली माणसे म्हणतील. पाढे कशाला म्हणायचे हा खरा वाद आहे. होल्टच्या दंडात आणि त्याच्या वहीत एकच हिशेब होता. आजाच्या हातातला हिशेब वहीत उतरण्याची वाटच कापलेली होती, कारण वहीचा धनी वेगळा आणि हलगीचा धनी वेगळा. भातखंडे आणि पलुस्कर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी संगीतासाठी लिप्या तयार केल्या, उस्तादांच्या कंठातल्या चिजा कागदावर आणल्या. ते काम मोलाचे आहे. त्या लिपीत मात्रा, खंड, सम, सगळे मांडता येते. हलगीलाही ती पुरली असती. पण त्या लिपीची वाट मांगवाड्याकडे क्वचितच वळली.

दक्षिणेत हा प्रश्न अलीकडे अगदी उघड्यावर आला. मृदंग ज्या हातांनी घडतो ते हात बहुतांशी दलित ख्रिस्ती कारागिरांचे. गायीचे, म्हशीचे, बकरीचे कातडे निवडून, थरावर थर चढवून ते नाद जुळवतात, आणि मोठमोठ्या वादकांच्या वाजवण्यामागे त्यांचा कान असतो. टी. एम. कृष्णा या गायकाने २०२० मध्ये या कारागिरांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. प्रकाशनासाठी आधी दिलेले सभागृह चेन्नईतील एका नामवंत कलासंस्थेने ऐन वेळी नाकारले. मृदंगावरच्या अंकगणितावर कोणाचा आक्षेप नव्हता. कातड्याचा आणि कातडे कमावणाऱ्याचा उल्लेख तेवढा नको होता.

आपल्या चळवळीत या वाद्यांविषयी दोन मते आहेत, आणि ती दोन्ही मी घरात ऐकली आहेत. १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि उष्टे तुकडे सोडायला सांगितले. त्याच ओघात, आणि १९५६ च्या धर्मांतरानंतर तर अधिकच, गावकीच्या वाजवण्यालाही कित्येकांनी लाथ मारली. बरोबर केले. जे वाजवणे नाकारण्याची मुभा नाही त्याला कला म्हणून कुरवाळणे हा दुसऱ्याच्या पाठीवरच्या ओझ्याची नक्षी पाहण्याचा प्रकार आहे. जे लोक आज ‘लोककला जपा’ म्हणून आम्हाला उपदेश करतात, त्यांच्यापैकी कोणी आपल्या मुलाला मयतीपुढे हलगी वाजवायला पाठवल्याचे मी पाहिलेले नाही.

पण त्याच पिढ्यांनी वाद्य पुन्हा हातात घेतले, हेही तेवढेच खरे आहे. सत्यशोधक जलशांनी तमाशाचा ढाचा घेऊन गणातला देव बाजूला सारला. आंबेडकरी जलशांनी तीच ढोलकी विचाराच्या प्रचाराला जुंपली. भीमराव कर्डक, अण्णा भाऊ साठे, वामनदादा कर्डक यांच्यामागे वाजणारे आवर्तन जुनेच, बहुधा आठ मात्रांचेच होते. समेवर येणारा शब्द तेवढा नवा होता. हुकमाने वाजवणे सोडले आणि मर्जीने वाजवणे घेतले, या दोहोंत मला विसंगती दिसत नाही. माझे एक चुलते मात्र हे ऐकून घेत नाहीत. ‘तू पगार घेतोस म्हणून तुला हलगीत गणित दिसतं, आम्हाला त्यात पाटलाचा वाडा दिसतो,’ असे ते म्हणतात. त्यांचे म्हणणे खोडून काढावे असे मला वाटत नाही. दोन्ही एकाच कातड्यावर आहे.

म्हणून गेली दोन वर्षे मी आणि माझे काही विद्यार्थी सुट्टीच्या दिवशी गावोगावच्या म्हाताऱ्या वाजवणाऱ्यांकडे जातो. आठ घरांचा कागद आखून घेतला आहे. काडीच्या ठोक्याला एक खूण, टिपरीच्या ठोक्याला दुसरी, मोकळ्या मात्रेला टिंब. काही वाजवण्या पाच मिनिटांत उतरतात. काही उतरतच नाहीत, कारण समेआधीचा ठोका दोन घरांच्या मधल्या रेघेवर पडतो आणि घर बारीक केले तरी तो पुन्हा नव्या रेघेवर जाऊन बसतो. दोन तिहाया तर अशा सापडल्या की मधल्या जागा सारख्या नाहीत, पहिली मोठी, दुसरी लहान, तरी बेरीज चोख. विद्यार्थ्यांपैकी एकीने त्यांचे समीकरण मांडले आहे आणि त्याची आणखी किती उत्तरे निघतात ते ती शोधते आहे.

प्रत्येक वाजवणीच्या वर पाच रकाने आहेत: वाजवणाऱ्याचे नाव, गाव, कोणाकडून शिकला, किती आवर्तने, आणि साल. नावाचा रकाना भरताना म्हातारी माणसे आधी बिचकतात. नाव लिहून घेणारा माणूस तलाठ्याकडून किंवा पोलिसाकडून आलेला असतो, हा त्यांचा अनुभव. मग सांगतात, बापाचे, आजाचे नावही सांगतात. सालाचा रकाना मात्र पुष्कळदा अडतो. कधी शिकलात, असे विचारले की उत्तर येते, ‘दुष्काळाच्या आधी.’ कोणता दुष्काळ, असे विचारावे लागत नाही. आम्ही लिहितो, ‘१९७२ पूर्वी.’